कांगारूची परीक्षा

लोक चांदीची नाणी लक्ष्मीपूजनाला बाहेर काढतात. मी मात्र आमच्या सांगलीच्या घरात ती प्लॅस्टिकच्या गोल डब्यांत घालून जपतो. टाकसाळीतून निघाल्यापासून त्यांना कुणाचा हात लागलेला नसावा, हा माझा हट्ट. देशोदेशीची ही नवीकोरी नाणी मी पूजेलाही देत नाही. बायकोच्या मते आमच्या घरात सोवळं एवढंच उरलंय.

त्यांतलं माझं सगळ्यांत लाडकं नाणं कांगारूचं. असाच नाद असलेल्या एका मित्रानं ते भिंगातून पाहिलं आणि नुसतं 'हं' म्हणाला. त्या 'हं'नं माझी झोप उडाली. नकली निघालं तर? माझं दुःख मी गिळलं असतं, पण बायकोला काय सांगणार होतो?

तेव्हा मामा आठवले. आमच्या विट्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात जाऊन सोनं-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा धंदा करतात. मामांचं उभं आयुष्य त्यातच गेलं. आता गावी परतलेत, तरी मागच्या पडवीत छोटी भट्टी आहेच. मी नाणं डबीसकट त्यांच्या हातात दिलं, "मामा, चांदी खरी आहे का तेवढं बघून ठेवा," म्हणालो आणि तासगावला एका लग्नाला गेलो. निर्धास्त मनानं जिलेबीवर ताव मारला.

संध्याकाळी परतलो तर मामा कट्ट्यावर बसून तोंडभर हसत होते. "चोख हाय रं! अशी चांदी मी लय कमी बघितलिया."

माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी माझ्या तळहातावर चांदीची एक गुळगुळीत गोळी ठेवली.

"आणि नाणं?"

"ह्येच की."

"आवं मामा, आख्खं वितळवलं?"

"मग? आदी कडंचा तुकडा कापून बघणार हुतो. म्हटलं नगं, पोराचं नाणं खराब व्हायचं."

हसावं की रडावं कळेना. रागावणार तरी कसं? रिकामी डबीसुद्धा त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून लख्ख करून ठेवली होती.

आता ती गोळी त्याच डबीत असते आणि हलवली की खुळखुळते. माझ्या संग्रहातलं खात्रीनं अस्सल असं तेवढंच. मामा अधूनमधून फोन करतात, "बाकीची कवा आणतुयास रं तपासायला?"

मी छातीठोकपणे सांगतो, "नको मामा, ती सगळी खरी आहेत."