आतून बघून सांगितलेला भाव

शैला गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेच्या खाली. मी आधी फोटो मोठा करून बघितला. तरी खात्री पटेना, म्हणून तिच्या शेजारणीला फोन लावला, आणि तिनं रडत सांगितल्यावरही खाली जाऊन वॉचमनला विचारून आले. माझा स्वभावच तसा आहे. बाजारातून आणलेले कांदे मी घरच्या काट्यावर पुन्हा तोलते. शैलावरही मी असाच संशय घेतला होता, आणि ती जाऊन सहा आठवडे झाले तरी त्या संशयाचं काय करायचं ते मला कळलेलं नाही... म्हणून हे लिहायला बसले.

घाटकोपरच्या भटवाडीत आमची एकच सोसायटी, मी ए विंगमध्ये, ती सी विंगमध्ये. तिच्या हॉलमध्ये खिडकीखाली लाकडी फ्रेम लावून आम्ही दोघींनी सहा वर्षं ब्लाउजवर आरीवर्क, म्हणजे आकड्याच्या सुईचं भरतकाम केलं. भरायचं काम जास्त माझ्याकडे, गिऱ्हाइकाशी बोलायची ती. येईल त्यातले निम्मे-निम्मे. मापाला म्हणून बायका आपला जुना ब्लाउज आणायच्या. शैला तो हातात घेऊन आधी उलटा करायची. आतली शिवण, दुमडलेलं कापड, हूक, सगळं निवांत न्याहाळायची आणि मगच भाव सांगायची. मग तो भाव चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी सेफ्टी पिनेनं त्या मापाच्या ब्लाउजला आतून टोचायची. एका बाईला बाहीवरच्या कमळाचे नऊशे, तर दुसरीला त्याच कमळाचे दीड हजार. मला हे पहिल्यापासून खटकायचं.

"कमळ एक आणि भाव दोन, हे काय गं?" मी एकदा विचारलंच.

"तिचा ब्लाउज बघितलास आतून? तीनदा उसवून ढिला केलाय. आणि त्या दुसरीच्या आत रेशमी अस्तर होतं. कमळ एक असलं तरी बायका दोन आहेत ना!"

"मग एक रेटकार्ड करू या."

"गप ऱ्हव गो," ती म्हणाली. मूळची मालवणची, वाद मिटवायचा असला की तिकडची भाषा काढायची.

मी गप्प कसली राहतेय. कमळाचे इतके, मोराचे इतके, नवऱ्यामुलीच्या नावाचे इतके, असं कार्ड छापून, लॅमिनेट करून तिच्या दारामागे चिकटवलं. आठ दिवसांत ते टिकल्यांच्या डब्यावर झाकण म्हणून गेलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. भाव ठरलेलाच नसेल, तर ती बाईला किती सांगते आणि मला किती सांगते, हे मला कळणार कुठून?

माझ्यावर हसायला तिलाही जागा होती. छोट्या रिळात दोरा कमी भरतात असा माझा दाट संशय, म्हणून मी मोरपंखी दोऱ्याचा एक भलामोठा कोन आणून ठेवला होता आणि घरातल्या, नात्यातल्या कुणाच्याही ब्लाउजचे हूक त्यानंच लावायचे. "लाल ब्लाउजला मोरपंखी हूक," शैला म्हणायची, "अख्ख्या मुंबईत अशी एकच बाई."

शेवटी मी हेर पाठवला. बदलापूरची माझी मामेबहीण, शैलानं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. माझं नाव काढायचं नाही, दोन्ही बाह्यांवर मोठे मोर सांगायचे, असं सगळं पढवून मी तिला सी विंगमध्ये धाडलं आणि स्वतः घरी फोन हातात घेऊन बसले. तासाभरात तिचा फोन आला. "कुंदाताई, सातशेच म्हणाल्या गं! झकास काम झालं." दोन मोर दोन हजारांच्या खाली आम्ही कधी केलेच नव्हते. संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं करून शैलाला विचारलं, आज नवीन कोण आलं होतं?

"बदलापूरची एक होती. सातशे सांगितले."

"एवढे कमी?"

"छोटंसं काम आहे. मीच करीन, तू नको घेऊस."

आकडा खरा होता, पण काम छोटं आहे हे धडधडीत खोटं होतं. मी रात्रभर त्याचाच विचार केला. एक गोष्ट खोटी सांगते, म्हणजे बाकीच्या किती असतील... दिवाळीच्या ऑर्डरी संपल्यावर डोळ्यांचं कारण सांगून मी काम सोडलं. तिनं फ्रेमवरून मान वर केली आणि विचारलं, "काही सांगायचंय का तुला?" मी म्हटलं, नाही.

पुढची चार वर्षं आम्ही लांबूनच बोललो. भाजीबाजारात, गणपतीच्या आरतीला. दर वेळी इकडचं-तिकडचं झालं की ती विचारायची, "बाकी काय गो, काही सांगायचंय?" मला तो टोमणा वाटायचा. शेवटची भेटली ती केमिस्टच्या दुकानाबाहेर, फार वाळली होती. तेव्हाही तेच. मी म्हटलं, "नाही गं, तू तब्येत सांभाळ," आणि घरी येऊन धुसफुसत राहिले.

तेरावं झाल्यावर तिच्या मुलीनं, नीतानं मला बोलावलं. फ्रेम तुम्हीच घेऊन जा मावशी, म्हणाली, आणि एक पिशवी पुढे ठेवली. बायका मापाचे ब्लाउज परत न्यायला विसरतात, ते सगळे शैलानं जपून ठेवले होते, चिठ्ठ्यांसकट. नीता चहा टाकायला आत गेली आणि मी, खरं सांगते, तिची लबाडी शोधायला पिशवी उपसायला लागले. तळाशी एक किरमिजी ब्लाउज निघाला. उलटा केला, तर आत मोरपंखी दोऱ्यानं लावलेले हूक. मामेबहिणीच्या त्या ब्लाउजचे हूक मीच कधीतरी लावून दिले होते आणि साफ विसरून गेले होते. चिठ्ठीवर शैलाच्या अक्षरात होतं, "बदलापूर. मोर दोन. सातशे, फक्त सामानाचे. कुंदाचं माणूस. ती आपणहून सांगेल."

मी ती चिठ्ठीसुद्धा उलटसुलट करून बघितली. मला वाचायला मिळावी म्हणून शेवटी आजारपणात लिहून ठेवली नसेल कशावरून? पण पिनेचा गंज कागदातून कापडात उतरला होता, चांगला खोल. तो काही काल-परवाचा नव्हता. खिडकीखालच्या तिच्या रिकाम्या पाटाकडे बघून मी म्हटलं, "शैला, ती मीच पाठवली होती." नीतानं आतून विचारलं, "काही म्हणालात मावशी?" आणि मला हुंदका आवरेना.

फ्रेम आता माझ्या खिडकीखाली आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतली एक बाई मुलीच्या लग्नाचा ब्लाउज घेऊन आली. "एका कमळाचे किती?" तिनं दारातूनच विचारलं. मी मापाचा ब्लाउज घेतला, उलटा केला आणि शिवणीवरून बोट फिरवत बसले. बराच वेळ गेला. मान वर केली तेव्हा ती बाई डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. ती नजर मला चांगली ओळखीची होती. मी पिन आणि कागद जवळ ओढला आणि तिला म्हटलं, "बसा ना, सांगते."