रखमाआत्याचं वेगळं ताट

रखमाआत्या गेली चैत्रात. बाराव्याला जेवायला आलेले सगळे एकच बोलत होते, बाई चांगली होती, देवाने नेली. देवाने कशाला नेली? दोन वर्षं तिच्या अंगातनं रक्त जात होतं आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं. हे असं उघडं लिहिलं म्हणून कुणाला लाज वाटत असेल तर वाटू दे. वाटायलाच पाहिजे.

पोलादपूरवरनं आंबेनळी घाटाचा रस्ता धरला की आत चढणीला आत्याची वाडी. आत्या तिसरी शिकलेली. तिचा नवरा येसाजी मुंबईला वॉचमन होता, रिटायर होऊन गावी आला आणि ओटीवर बसला तो बसलाच. पोरगा अक्षय आणि सून मुंबईला. त्यांची पोरगी श्रुतिका मात्र आत्याजवळ, कारण आत्या खाली सिस्टर लोकांच्या शाळेत मावशी होती आणि त्या शाळेत पोरीला घेतलं होतं. शाळा पहिली ते चौथी. आत्या नऊ वर्षं तिथं घंटा मारायची, वर्ग झाडायची, पहिलीतल्या पोरांनी चड्डीत केलं की धुवायची. सकाळी आजी आणि नात मिनिडोर पकडायच्या, संध्याकाळी परत.

शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर चौथीला एक तास असायचा. नाव त्याचं नाती आणि आरोग्य. घ्यायच्या सिस्टर लवीना. बाई मंगळूरकडची, मराठी पुस्तकासारखी. पहिल्याच दिवशी बोलल्या, "मुलांनो, आपल्या खासगी अवयवांना कोणीही स्पर्श करू नये." पोरं फळ्याकडे बघतायत. आत्या दारात झाडू घेऊन उभी, तिला राहवलं नाय.

"अरे, चड्डीच्या आतलं! तिथं कुणी हात लावला तर बोंब मारायची, मग तो मामा असू दे नायतर काका."

वर्ग खदाखदा हसला, पण कळलं सगळ्यांना. त्या दिवसापासनं सिस्टरनी तिला त्या तासाला आतच बसवलं. सिस्टर सांगणार आणि आत्या फोडून सांगणार.

आणि शिकवत काय होते? अंग कसं स्वच्छ ठेवायचं. पोरीला पाळी येते तेव्हा घाबरायचं नाय, पोरग्यांनी चिडवायचं नाय. कोण बोललं की हे कुणाला सांगू नको, तर समजायचं काहीतरी खोट हाय, आणि जाऊन सांगायचंच. एकाने नाय ऐकलं तर दुसऱ्याला, त्याने नाय ऐकलं तर तिसऱ्याला. बस, एवढंच.

एकदा सिस्टर बोलल्या, "आपलं शरीर हे देवाचं मंदिर आहे." श्रुतिकाचा हात वर.

"मग माझ्या आजीला देवळात का जायचं नसतं? ती आपली पडवीतच बसते."

सिस्टर आत्याकडे बघायला लागल्या. आत्या बोलली, "ते आजोबाला विचार गो तुझ्या. देवळाची चावी त्यांच्याकडं हाय."

हसली ती. पण पडवीतली गोष्ट खरी होती.

तळीयेला दरड आली त्या साली आत्याची पाळी बंद झाली. पुढच्या साली दिवाळीच्या आसपास परत लाल दिसलं. वळणीवर वाळत घातलेलं फडकं मोठ्या जावेने, तुळजाबाईने बघितलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलली, "काय गो रखमा, परत कावळा शिवला? म्हातारपणी जवानी आली काय?"

सगळे हसले. आत्या पण हसली. तिला तरी काय माहीत होतं? पाळीच असेल, उरलीसुरली. त्या घरात बाई बाजूची झाली की पडवीत बसते, ताट वेगळं, तांब्या वेगळा, हंड्याला हात नाय. तशी ती बसली. चार दिवसांनी आत आली. आठ दिवसांनी परत बाहेर. मग महिन्यातले वीस दिवस बाहेर. गौरी आल्या की येसाजी ओटीवरनं ओरडायचा, "हिला बरोबर सणालाच कसं होतं?" आणि तुळजाबाई पडवीच्या उंबऱ्यावरनं ताट सरकवायची. शाळेत दुसऱ्यांच्या पोरांची ढुंगणं धुवायला चालायची, घरात पाण्याला हात लावायला चालायची नाय.

ताट कधी चुकलं नाय हे पण लिहितो. वेळेवर मिळायचं. पण ते देणाऱ्यांनी दोन वर्षांत एकदा तरी विचारावं ना, की बाई, ही कसली पाळी?

मग गेल्या आषाढात, एका सकाळी, आत्या मोरीत खाली बसली ती उठेना. श्रुतिका दप्तर घेऊन हाक मारायला गेली तर दगडावर सगळं रक्त. पोरगी दहा वर्षांची.

"आजी, कुठं लागलं?"

"नाय गो, काय नाय. पाणी ओत. आणि कुणाला सांगू नको हां."

पोरगी बोलली, "असं खोटी माणसं बोलतात. तूच शिकवलंस."

आत्याने डोळे वटारले. पण पोरगी शिकली होती. आधी ओटीवर आजोबाकडं गेली. येसाजीने थोबाडात मारली, "बायकांचं बोलणं पोरीने बोलायचं नसतं." मग बापाला फोन लावला. अक्षय बोलला, "टेन्शन नको घेऊ बेटा, गणपतीला आलो की बघतो." दोन झाले. तिसरी सिस्टर. सिस्टर लवीनाने सगळं ऐकलं, हातातला खडू ठेवला आणि शाळेच्या गाडीत घालून आत्याला त्याच दिवशी महाडला बाईडॉक्टरकडे नेली. तिथनं मुंबई. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, बराच पसरलेला. मुंबईच्या डॉक्टरने येसाजीला विचारलं, "दोन वर्षं काय करत होतात?" येसाजी टोपी सारखी करत राहिला.

आता माणसाने नातीला जवळ घ्यावं की नाय? उलटंच. गावी आल्यावर येसाजीचा राग सगळा पोरीवर आणि शाळेवर. पोरीने घरातलं सिस्टरला सांगितलं, घराची अब्रू गेली. आत्याची तब्येत कुणी विचारत नव्हतं, अब्रूची विचारत होते. खालचा दुकानवाला हैबती त्याला येऊन मिळाला, त्याचा पोरगा पण चौथीत. दोघांनी अर्ज लिहिला, हा घाणेरडा तास बंद करा नायतर आमची पोरं काढतो. एकोणीस सह्या जमवल्या. पहिली सही येसाजीची. श्रुतिकाचा दाखला काढायचा कागद पण त्याने खिशात तयार ठेवला होता. पोरगी रडून रडून जेवेना. आत्याला एकच लागलं, आपल्यापायी पोरीची शाळा सुटणार.

पालकसभा जानेवारीत. आत्याला मुंबईला कॅन्सरचे विजेचे शेक देऊन झाले होते, अंगावर साडी राहत नव्हती, तरी गेली. मावशी होती ना, चहा कोण देणार. श्रुतिकाला बरोबर नेली.

हैबती उभा राहिला. "आमचे संस्कार हायत. एवढ्याशा पोरांना पाळी न् अवयव कशाला? उद्या ह्या त्यांचा धर्म पण शिकवतील."

सिस्टर बोलायला उठल्या, "पालकहो, हा विषय आरोग्याशी निगडित..." तर मागनं कोणीतरी त्यांच्या बोलण्याची नक्कल केली आणि सगळे हसले.

आत्याने चहाचा ट्रे टेबलावर आपटला. अर्धा चहा अर्जावर.

"हसा. मी पण हसले होते. माझी पिशवी आतनं सडली. मला दोन वर्षं रक्त जात होतं."

"वहिनी, अहो इथं पुरुष बसलेत," हैबती बोलला.

"बसलेत तेच बरं हाय. त्यांनाच सांगायचंय." मग ती येसाजीकडे वळली. "श्रुतिकाचे आजोबा, अर्जावर पहिली सही तुमची. मला दोन वर्षं वेगळं ताट दिलंत. एकदा तरी दिवस मोजलेत? म्हस चार दिवस चारा खात नाय तर तुम्ही डॉक्टर आणता घरी! मी म्हशीपेक्षा गेले? तुम्हाला कळलं नाय, पोराला कळलं नाय, मला मेलीला पण कळलं नाय. कळलं कुणाला तर ह्या दहा वर्षांच्या पोरीला. का, तर ती ह्या तासाला बसत होती. आणि तिलाच तुम्ही मारलंत."

येसाजी बोलला, "घरी चल, घरी बोलू."

"घरी पडवीत बसवता मला. इथंच बोलणार. तो दाखल्याचा कागद काढा."

त्याने काढला नाय. तिने स्वतः जाऊन त्याच्या खिशातनं काढला आणि सगळ्यांसमोर फाडला. येसाजी उठून निघून गेला. सिस्टरनी विचारलं तास ठेवायचा की नाय, हात वर करा. आधी कोण करेना. मग मागच्या बाकावरच्या बायकांनी केले, एकमेकीकडे बघत बघत. तास राहिला. आठ पोरं काढली लोकांनी, त्यात हैबतीचं पण. श्रुतिका राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पडवीत पडली होती. तुळजाबाई आली. ताट नव्हतं हातात. उंबऱ्यावर बसली, पदर चावत.

"रखमा, मला पण जातंय गो थोडं थोडं."

"काय?"

"शिमग्यापासनं... नाय, गणपतीच्या आधीपासनं. मी फडकी चुलीत जाळते. कुणाला दिसलं तर मला पण इथं बसवतील म्हणून."

आत्याला असा राग आला की अंगात ताकद नसताना ती उठून बसली. "सहा महिने! आणि मला ताट सरकवत होतीस? मला जवानी आली बोललीस? आक्का, तोंडात माती घालीन तुझ्या!"

"हळू बोल गो, दीर ओटीवर हायत."

"ऐकू दे! चप्पल घाल. आत्ता."

दोघी मिनिडोरने पोलादपूर, तिथनं एसटीने महाड. आत्या भिंतीला टेकून बाकावर बसली, तुळजाबाई पदराने तोंड झाकून आत. डॉक्टरीणबाईने विचारलं, "किती दिवस झाले?"

"झाले असतील आठ-दहा दिवस," आतनं बारीक आवाज आला.

आत्याने बाकावरनंच अशी हाक मारली की रांगेतल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या.

"खोटं बोलते ती, डॉक्टर! सहा महिने लिहा! सहा!"