सोमवारची हळद

बसवराजअप्पांच्या पांढऱ्या फियाटचं बॉनेट रोज सकाळी साडेसहाला उघडायचं. गाडी कुठे जाणार असो की नसो. टाकीतून स्टीलच्या तांब्यात पाणी घ्यायचं, रेडिएटरचं झाकण फिरवायचं, आत बोट बुडवून पाहायचं, कमी असेल तर भर घालायची आणि बॉनेट धाडकन लावून वर दोनदा थोपटायचं. वालूरच्या त्या गल्लीत शेजारची बबिता म्हणायची, अप्पांचं बॉनेट वाजलं की मी दूध तापायला ठेवते.

अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यातली बत्तीस वर्षं त्यांनी ही गाडी भाड्यानं चालवली. आजूबाजूच्या गावांतल्या किती नवऱ्या या गाडीतून रडत सासरी गेल्या आणि पहिलटकरणी होऊन हसत माहेरी आल्या, ते अप्पांना तारीखवार पाठ होतं. लग्नाचे नवराबायको विसरले असतील, पण त्या दिवशी परतीच्या वाटेवर टायर कुठे पंक्चर झालं हे अप्पा सांगायचे. भाडं बंद केल्यावर गाडी घरचीच झाली. शेजारच्या सीटवर नागूबाई बसायच्या. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा केव्हाच मेला होता, पण नागूबाईंचे पाय होते. पायाखालचा पत्रा चटका द्यायला लागला की त्या म्हणायच्या, "अवो, जरा दम खाऊ द्या तिला." अप्पा गाडी झाडाखाली घ्यायचे.

हळदीची गोष्ट मात्र जुनी. तीसेक वर्षांपूर्वी जिंतूरच्या रस्त्यावर नवरीला घेऊन जाताना रेडिएटर गळायला लागला. मुहूर्त जवळ आलेला. मागून आलेल्या ट्रकवाल्यानं नवरीच्या सामानातली मूठभर हळद मागून घेतली, रेडिएटरमध्ये टाकली, आणि गळती थांबली. अक्षता वेळेवर पडल्या. अप्पांनी पुढच्याच आठवड्यात रेडिएटरला कथलाचा डाग लावून घेतला आणि ते हळद विसरले. नागूबाई विसरल्या नाहीत. घरची दळलेली हळद माणसाच्या जखमेला चालते, गाडीच्याही चालते, एवढं त्यांनी मनात ठेवलं.

अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या पाडव्याला नागूबाईंच्या मनात काळजी शिरली. या वयात, कुठल्या आडरानात गाडी गळायला लागली तर? सोमवारी अप्पा इष्टलिंगाच्या पूजेला बसायचे. पाऊण तास बोलणं नाही, उठणं नाही. तेवढ्यात नागूबाई अंगणात यायच्या, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढायच्या, कुंकू लावायच्या, आणि बॉनेट उचलून रेडिएटरमध्ये एक चमचा हळद सोडायच्या. देवाला नैवेद्य तसं गाडीला हे. आतलं पाणी गंजानं तांबूसच असायचं, त्यात हळद दिसणार कुठून.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात ते दोघं गंगाखेडला निघाले. लेक अर्पिता तिथं दिलेली, तिच्या बाळाला सहा महिने झाले होते. परभणी सोडली आणि पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एकीमागं एक, बैलाच्या चालीनं. पोखर्णीच्या अलीकडे नागूबाईंनी एकदम पाय वर घेतले.

"अवो, थांबा. पाय भाजायलेत."

गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली होती. अप्पांनी घाई केली नाही. गरम झाकणाला हात लावून भाजलेले ड्रायव्हर त्यांनी पाहिले होते. पोतं ओलं करून झाकणावर टाकलं, अर्धा तास लिंबाच्या सावलीत बसले, आणि परभणीत असलेल्या वैभवला फोन केला. वैभव त्यांचा मुलगा, बँकेत साहेब. तो आला, झाकण उघडून त्यानं आत मोबाइलचा उजेड मारला.

"अप्पा, थेंब न्हाई आत. सकाळी पाणी बघितलं होतं का?"

"बघितलं की."

"नक्की? मागच्या महिन्यात मानवतला बी असंच झालं होतं."

अप्पांनी रिकाम्या रेडिएटरमध्ये डोकावून पाहिलं. मग नागूबाईंकडे बघून म्हणाले, "बघितलं होतं ना गं मी?"

नागूबाई सकाळी त्या वेळी भाकरी थापत होत्या. बॉनेट वाजल्याचं त्यांना आठवत होतं, पण रोजच वाजायचं. ते आजचं की कालचं? "बघितलं असंल की," त्या म्हणाल्या. नंतर महिनाभर हे वाक्य त्यांना टोचत राहिलं.

वैभव वाईट नव्हता. त्यानं गाडी दोरीला बांधून वालूरला आणून सोडली, चहा प्यायला, आणि कप खाली ठेवताना हळूच म्हणाला, "अप्पा, राग मानू नका. वय झालं की माणूस विसरतो. आई शेजारी असते, समोरून ट्रक येतात. गाडी दुरुस्त करू अन् कुणाला तरी देऊन टाकू." जाताना त्यानं खुंटीवरची किल्ली खिशात घातली.

साडेसहाचं बॉनेट मात्र वाजत राहिलं. फक्त आता पाणी पाहिलं की अप्पा आत येऊन कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायचे, 'पाणी पाहिले.' आठवड्यानं खाली आणखी एक ओळ आली, 'गोळी घेतली.' मग 'कडी लावली.' चौकापर्यंत जाऊन ते कुलूप बघायला परत यायचे. किराणा दुकानात उभे राहून फोन करायचे, "साबण अन् गूळच सांगितला होतास न्हवं?" साबण अन् गूळच असायचा. नागूबाईंना कळत होतं की हा माणूस विसरत नाहीये. त्याला आठवतं सगळं, पण आठवलेल्यावर त्याचा भरवसा राहिलेला नाही.

त्यांच्या हातून एकच करण्यासारखं होतं. सोमवारी त्यांनी हळदीचे दोन चमचे घातले.

पुढच्या महिन्यात वैभव सुट्टी काढून आला. गाडी सेलूला सितारामकडे ओढून नेली. सिताराम रेडिएटरची कामं करायचा, अप्पांच्या भाड्याच्या दिवसांपासूनचा. नागूबाईही सोबत गेल्या. मसाल्याचं सामान आणायचं आहे म्हणाल्या, पण त्यांना अप्पांना एकटं सोडायचं नव्हतं.

सितारामनं रेडिएटर उतरवला, डाग वितळवून वरची टाकी उचलली आणि शिट्टी घातली.

"अप्पा, इकडं या. ह्या नळ्या बघा."

पाणी ज्यातून खाली उतरतं त्या बारीक नळ्यांची तोंडं पिवळ्या खरपुडीनं बुजली होती. त्यानं तार घातली, ती बोटभर जाऊन अडली.

"पानी टाकून काय उपेग? खाली जायला वाटच न्हाई. वरच उकळतंय अन् भाईर फेकतंय. सकाळी काठोकाठ भरलं तरी बी हेच व्हनार." त्यानं खरपुडीचा तुकडा नखानं काढून हुंगला. "बोअरचा खार हाय. अन् हळद. लय हळद. कोन घातली?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं.

"एकदा घातली व्हती," अप्पा म्हणाले. "जिंतूर रोडला. तीस वर्षं झाली."

"ही तेव्हाची न्हाई, अप्पा. ही तर आताची दिसायलीय."

वैभव जवळ आला. त्याचा आवाज मऊ होता, म्हणूनच नागूबाईंना तो जास्त लागला. "अप्पा, आठवून बघा. गळती थांबावी म्हणून अलीकडं घातली असेल तुम्ही."

अप्पा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. जणू तो हात त्यांच्या पाठीमागे काय काय करून येतो याची त्यांना खबर नव्हती.

"घातली असंल," ते म्हणाले. "मीच घातली असंल."

नागूबाई स्टुलावर चहाचा ग्लास धरून बसल्या होत्या. पिवळा रंग दिसल्यापासून त्यांनी एक घोटही घेतला नव्हता. गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. नळ्या धुऊन निघाल्या असत्या, गाडी विकली गेली असती, आणि अप्पा न केलेली गोष्ट विसरल्याच्या दुःखात उरलेली वर्षं कॅलेंडरवर लिहीत बसले असते. त्यांनी ग्लास जमिनीवर ठेवला.

"ती हळद माझी हाय."

"काय म्हणालीस?" वैभव वळला.

"मी घातली. दर सोमवारी. हे पूजेला बसले की. गाडी गळू नये म्हनून." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "ह्यांनी रोज पानी बघितलंय. एक दिस चुकले न्हाईत."

सितारामला हसू आवरेना. "आज्जी, एवढ्या हळदीत तीन नवऱ्या न्हाऊन निघाल्या असत्या."

अप्पा हसले नाहीत. ते तिच्याकडे वळून उभे राहिले.

"कधीपासून?"

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या पाडव्यापासून."

"किती घालायचीस?"

"एक चमचा."

"कोनचा? च्याचा का जेवायचा?"

"जेवायचा."

अप्पांनी डोळे बारीक केले. भाड्याचे किलोमीटर जुळवताना ते असेच उभे राहायचे. "त्या पाडव्यापासून मार्गशीर्षात गाडी पोखर्णीला बंद पडली तवर ब्याण्णव सोमवार झाले. त्यातले अर्पिताच्या बाळंतपनाला तू गंगाखेडला व्हतीस, ते सहा गेले. अन् श्रावणात पाय मुरगळून पडली व्हतीस, ते दोन. ऱ्हायले चौऱ्याऐंशी."

"शहाऐंशी," नागूबाई खाली मान घालून म्हणाल्या. "श्रावणात लंगडत गेले व्हते."

वैभव बापाच्या तोंडाकडे बघत होता. "अप्पा, तुम्हाला ते श्रावणातलं आठवतंय?"

"तुला बी आठवाया पायजे. पाय मुरगळला म्हनून फोन केला तवा तू म्हन्लास, मीटिंगमधी हाय, मग करतो. मंगळवारी केलास."

सिताराम तार घेऊन पुन्हा नळ्यांवर वाकला. वैभव थोडा वेळ गॅरेजच्या दाराशी जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा त्यानं खिशातून किल्ली काढली आणि पान्यांच्या शेजारी, अप्पांच्या हाताला लागेल अशी ठेवली. "मंगळवारीच केला होता," तो म्हणाला.

अप्पांनी किल्ली लगेच उचलली नाही. ते नागूबाईंच्या शेजारी अवजारांच्या पेटीवर येऊन बसले.

"मला इच्यारायचं व्हतंस."

"पूजेत तुमी बोलत न्हाईत."

"पूजा संपल्यावर?"

"संपल्यावर तुमी म्हन्ला असता, कशाला."

अप्पांनी यावर विचार केला. म्हणालो असतो, हे त्यांना कबूल होतं.

"महिनाभर तुमी भिंतीवर लिहीत बसलात," नागूबाई म्हणाल्या, "अन् मी वरून दोन-दोन चमचे घालायले." अप्पांनी आपला चहा बशीत ओतला आणि बशी तिच्याकडे सरकवली. त्यांच्या लग्नाला बावन्न वर्षं झाली होती, आणि चारचौघांत त्यांनी बायकोला बशी दिलेली सितारामनं पहिल्यांदाच पाहिली.

नळ्या साफ व्हायला आठ दिवस लागले. त्यातल्या चार कायमच्या बंद कराव्या लागल्या. सितारामनं दोन गोष्टी बजावून सांगितल्या. बोअरचं पाणी घालायचं नाही, फिल्टरचं घालायचं. आणि आज्जींना बॉनेटपासून लांब ठेवायचं. दुसरी गोष्ट अप्पांनी मानली नाही. सोमवारी पूजेला बसण्याआधी त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं, पाणी पाहिलं, बॉनेट लावलं आणि नागूबाईंना हाक मारली.

"लाव विभूती. हळदीचा डबा कुठंय?"

"सैपाकघरात."

"खरं?"

"झडती घ्या माझी."

त्याच आठवड्यात ते पुन्हा गंगाखेडला निघाले. गाव सोडून थोडं पुढे आल्यावर अप्पांनी मागच्या सीटवर नजर टाकली आणि गाडीचा वेग कमी केला.

"बाळाच्या कपड्याची पिशवी?"

"तुमी घेतली न्हवं?"

"मी म्हन्लं तू घेतलीस."

पिशवी ओट्यावर राहिली होती. नागूबाई चोरून अप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तिथं पुन्हा ती भीती येते की काय. अप्पांनी मान हलवली आणि रस्ता मोकळा बघून गाडी वळवली.

"दोघं बी इसरलो," ते म्हणाले. "कॅलेंडरवर तुझं नाव आधी लिहू."

नागूबाईंनी चपला काढून पाय पुढे टेकवले. पायाखालचा पत्रा कोमट होता, नुसता कोमट.