विझेपर्यंत विचारायचं नाही

मी झरी जामणीच्या जंगलात वनरक्षक आहे. पूर्वी आगी होळीनंतर लागायच्या. आता पानगळ पुरी व्हायच्या आतच जंगल पेटतं. हिवाळ्यात एक रुंद पट्टा जाळून साफ ठेवायचा, आग तिथे थांबते, असं आम्ही शिकलो होतो. हल्ली त्या पट्ट्यावर सागाची पानं पुन्हा साचतात आणि आग सरळ ओलांडून जाते. म्हणून पट्टे परत परत झाडतो. पाला उडवणारी यंत्रं आली, उपग्रहाचा निरोप मोबाईलवर येऊ लागला. पण निरोप येईपर्यंत अर्धी टेकडी काळी झालेली असते. धूर सगळ्यात आधी दिसतो तो पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर. तिथून फोन यायचा नाही, कारण आमचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "कोणी लावली?"

गेल्या वर्षी साहेबांनी तो प्रश्न बंद केला. आग विझेपर्यंत विचारायचं नाही. पोडावरही तसं सांगून आलो.

यंदा मोहफुलांच्या दिवसांत भर दुपारी पोडावरच्या एका म्हातारीचा फोन आला.

"बाई, लवकर या. वारा पोडाकडेच हाये."

"कुठं?" एवढंच मी विचारलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा आग आणि गवती छपरांची घरं यांच्यामध्ये फक्त एक कोरडा नाला उरला होता. म्हातारी ओल्या फांद्या तोडून उभी होती. यंत्र पाहून म्हणाली, "पाणी नाही आणलं? ह्या पंख्यानं आग इझन का भडकन?"

"तू मागं हो, मावशी."

"मागं माहं घर हाये. कुठं होऊ?"

नाल्याच्या काठाने पाला उडवून आम्ही पट्टा मोकळा केला आणि त्याच्या पलीकडच्या कडेला स्वतःच आग लावली, समोरच्या आगीकडे सरकत जाईल अशी. दोन्ही आगी भिडल्या. पुढे जाळायला काही उरलं नाही, तशा त्या बसल्या. उडालेल्या ठिणग्या पोडावरच्या माणसांनी फांद्यांनी झोडपल्या. घरं वाचली. परतताना एक रानकोंबडी अंड्यांवर बसल्या जागी जळलेली दिसली.

राखेचा माग म्हातारीच्या मोहाच्या झाडापर्यंत जात होता. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला सगळेच जाळतात. झाडाच्या पोकळ खोडातून धूर येत होता. तिच्या घरचा मीठमिरचीचा खर्च त्याच झाडावर चालायचा.

ती खाली बसली. "आता इचारा, बाई."

पोडावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्यावर गुन्हा टाकला असता तर तिथून पुन्हा फोन आला नसता. आणि पुढच्या वेळी नाल्यापर्यंत पोहोचायला आम्हाला उशीर झाला असता.

"खोड धुमसून राह्यलं अजून," मी म्हणाले. "आग विझली नाही. माती आण."

ती उठली. आम्ही दोघींनी खोडात माती ओतली. तरी ते आतून कितीतरी दिवस धुमसत राहिलं आणि शेवटी झाड पडलं.

ते पडायच्या आधीच त्या पोडावरून दुसऱ्या धुराचा फोन आला. आवाज तिचा नव्हता.