छपरं गेली, झाडं हिरवीच

"जंगलाला आग लागली असेल," मंदार सर म्हणाले, आणि मला ते पटेचना. कारण झाडं हिरवीगार होती! गेली होती ती फक्त घरांची छपरं.

थांबा, आधी काम सांगते. खराडीच्या ऑफिसात आम्ही सॅटेलाइटचे फोटो बघतो. एकाच जागेचा जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवायचा, काय बदललं ते मार्क करायचं. बस. मंदार सर आमचे टीम लीड. क्लायंट एक आंतरराष्ट्रीय संस्था, आणि फोटो लांबच्या एका देशाचे, जिथे यादवी चाललेली.

मी झूम करत बसले. जळालेलं प्रत्येक गाव अर्धंच जळालं होतं. एका जमातीच्या वस्तीची घरं काळी, रस्त्यापलीकडची, दुसऱ्या जमातीची, जशीच्या तशी. आग अशी निवडून लागते का? आणि गावं एकाच रस्त्यावरची, ओळीने. पुढचं गाव अजून शाबूत होतं. बाजार भरला असावा, निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या दिसत होत्या. म्हणजे माणसं होती तिथे.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं: वंशसंहार चालू आहे, पुढचा नंबर या गावाचा.

"आपण फोटो बघतो. देश चालवत नाही," सर म्हणाले. पण रिपोर्ट पाठवला, हे मात्र खरं.

क्लायंटच्या मॅडम कॉलवर आल्या. नागपूरच्या निघाल्या, मराठीतच बोलल्या.

"काम छान आहे. फक्त तो शब्द काढ."

"चुकीचा आहे का, मॅडम?"

"चुकीचा नाही गं. तो मान्य केला की सगळ्या देशांना ते थांबवायला काहीतरी करावं लागतं. तसा करार आहे त्यांचा. मदतीला जायचं नसलं की शब्दच नको असतो."

"मग काय लिहू?"

"इमारतींचं नुकसान."

निदान गावाचं नाव तरी पोचेल, म्हणून मी शब्द काढला. रिपोर्ट मेलने सगळ्या देशांना गेला. तिथे जाणार कोण, असं मी मॅडमना मेल करून विचारलं. चर्चा चालू आहे, असं उत्तर आलं.

पुढच्या आठवड्यात नवे फोटो आले. मी आधी तेच गाव उघडलं. ताडपत्र्या नव्हत्या. अर्धं गाव काळं. झाडं हिरवी.

त्याच दुपारी अख्ख्या टीमला क्लायंटचा अप्रिसिएशन मेल आला. अंदाज अचूक ठरला होता ना. असे मेल सर नेहमी मोठ्याने वाचतात. हा नाही वाचला. माझ्या खुर्चीपाशी येऊन हळूच म्हणाले, "त्याच्या पुढचं गाव बघ."

उद्या कोणी म्हणालं, जगाला कळलंच नाही, तर मी एवढंच सांगेन: मेल पोचला होता. उघडलाही होता.