मेन्सनंतरची शाल

भोकरदनच्या अभ्यासिकेत ती माझ्या शेजारी बसायची. पेपर मात्र उभ्यानंच वाचायची. बसलं की झोप येते म्हणे. मी कुठलंही उत्तर दिलं की ती विचारायची, "मंग?" आणि आपलं उत्तर अर्धंच आहे हे मला तिथंच कळायचं.

ती यूपीएससीची पूर्वपरीक्षा पास झाली तेव्हा तिच्या गावानं 'आमच्या गावची कलेक्टर' असा बॅनर लावला, सत्काराला मांडव घातला. मीही गेल्तो. सरपंचकाका शाल घालायला पुढं आले, तर तिनं त्यांचा हात धरला आणि माइक घेतला.

"काका, ही प्री म्हणजे नुसती चाळणी. हिचे मार्क पुढं धरत न्हाईत. आता मेन्स, मंग मुलाखत, मंग यादी. तोवर शाल ठेवून द्या."

 तिच्या जागी मी असतो तर शाल काय, फेटाही बांधून घेतला असता.

मेन्सच्या निकालात तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी उभ्यानं पेपर वाचत होती.  बाजाराला आलेले सरपंचकाका दारात थांबले.

"आता फक्त मेन्सच द्यायची ना, माय?"

"न्हाई काका. पुन्हा प्रीपासून."

"पास झालेली परत?"

"बिलकुल."

 काका म्हणाले, "शाल पेटीत हाये. डांबरगोळ्या टाकून ठेवलीय."

पेपरची घडी घालत ती म्हणाली, "गोळ्या बदलत राहा, काका."