पेढ्यांच्या डब्यातले सेन्सर
जळक्या रबराचा वास आला की मला माझा साडू आठवतो. मुलुंडच्या या माणसाने बिछाना, फ्रिज, संडास असलेली कॅम्पर व्हॅन घेतली आणि चाकांच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे चार सेन्सर आणले. टायरमधली हवा आणि तापमान समोरच्या स्क्रीनवर दिसायचं, ते त्याने अख्ख्या सोसायटीला दाखवलं. पण कोणी ढापतील म्हणून गाडी उभी केली की हा शहाणा सेन्सर काढून पेढ्यांच्या डब्यात ठेवायचा. भर उन्हात सासूबाईंना घेऊन आम्ही मढला निघालो, तेव्हाही ते डब्यातच होते. हवा शून्य दाखवत स्क्रीन कोकलायला लागली. "लाव ना रे ते," मी म्हटलं. "कशाला? मढला परत काढायचेच आहेत," म्हणत त्याने आवाज बंद केला. गोरेगावच्या पुढे हवा कमी असलेला मागचा टायर तापून फुटला, गाडी दुभाजकाला घासत थांबली आणि सासूबाई बिछान्यावरून खाली आपटल्या. रक्ताळलेल्या कपाळावर पदर दाबत त्यांनी शांतपणे विचारलं, "जावईबापू, डब्यातली हवा बरोबर आहे ना?" टाक्यांची खूण अजून आहे. परवा त्यांच्यासमोरच हा गृहस्थ छाती फुगवून म्हणाला, "काही म्हण, एकही सेन्सर चोरीला गेला नाही."